प्रतिमेचे व्हेक्टर रूपांतर

प्रतिमेचे व्हेक्टर रूपांतर, म्हणजेच व्हेक्टर ट्रेसिंग किंवा सदिशीकरण, ही पिक्सेलांनी बनलेल्या रास्टर प्रतिमेतील आकार ओळखून त्यांच्या कडा रेषा व वक्रांच्या गणिती वर्णनात बदलण्याची संगणकीय प्रक्रिया आहे. बोधचिन्हे, नकाशे, आराखडे, स्वाक्षऱ्या, शिक्के आणि हाताने केलेले सुलेखन छपाईसाठी, फलकांसाठी किंवा कटिंग यंत्रासाठी तयार करताना ती वापरली जाते. तिची साधने दोन प्रकारची आहेत : ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडून वापरायची आणि संगणकावर स्थापित करायची. दोन्हीकडे पुष्कळदा एकच अल्गोरिदम काम करत असतो. त्यामुळे निवड करताना रूपांतराच्या दर्जापेक्षा प्रतिमा कोठे पाठवली जाते, ती किती मोठी आहे आणि रूपांतरानंतर तिच्यावर किती काम करावे लागणार आहे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

रास्टर आणि व्हेक्टर

रास्टर प्रतिमा ही रंगीत चौकटींची जाळी असते. जेपीईजी, पीएनजी किंवा बीएमपी फाइलमध्ये प्रत्येक चौकटीचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग नोंदवलेला असतो. प्रतिमा मोठी केली की या चौकटीच मोठ्या होतात आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. व्हेक्टर फाइलमध्ये आकाराची बाह्यरेषा काही बिंदूंच्या सहनिर्देशकांनी आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांनी सांगितलेली असते. या बिंदूंना नोड म्हणतात. वक्र बहुधा बेझिए प्रकारचे असतात. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांच्यामुळे ते प्रसिद्ध झाले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी त्याच गणितावर १९५९ पासून काम केले होते, परंतु कंपनीने ते बराच काळ गुप्त ठेवले. व्हेक्टर आकृती भेटपत्रिकेवर छापली काय किंवा इमारतीवरील फलकावर, तिची कड सारखीच स्वच्छ राहते.

मूळ प्रतिमेत नसलेला तपशील मात्र रूपांतराने निर्माण होत नाही. १०० पिक्सेल रुंदीच्या बोधचिन्हाच्या कडा ट्रेसिंगनंतर गुळगुळीत होतील, पण अक्षरांचा मूळ डौल त्यातून परत येत नाही. छायाचित्रांसाठी ही प्रक्रिया फारशी उपयोगाची नाही. छायाचित्रात रंगछटा सतत बदलत असल्याने त्याचे असंख्य लहान तुकडे पडतात. मिळणारी फाइल बहुतेक वेळा मूळ जेपीईजीपेक्षा मोठी होते आणि चित्र पोस्टरसारखे सपाट दिसते. याउलट मोजक्या रंगांची, ठळक कडांची चित्रे रूपांतराला अनुकूल असतात. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगात काढलेले वारली चित्र हे याचे चांगले उदाहरण आहे.

इतिहास

वैयक्तिक संगणकावरील ट्रेसिंगची सुरुवात १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाली. अ‍ॅडोबी कंपनीचे स्ट्रीमलाइन हे त्या काळातील केवळ याच कामासाठी असलेले सॉफ्टवेअर होते. कोरलड्रॉसोबत कोरल ट्रेस हा स्वतंत्र प्रोग्राम मिळत असे. पुढे ही सुविधा मूळ चित्रण सॉफ्टवेअरमध्येच समाविष्ट झाली : २००५ मध्ये इलस्ट्रेटर सीएस२ मध्ये लाइव्ह ट्रेस आले व २०१२ मध्ये सीएस६ आवृत्तीत त्याची जागा इमेज ट्रेसने घेतली, तर २००६ मधील कोरलड्रॉ एक्स३ मध्ये पॉवरट्रेस आले.

मुक्त स्रोत क्षेत्रात गणितज्ञ पीटर सेलिंजर यांचा पोट्रेस हा प्रोग्राम २००१ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एसव्हीजी या व्हेक्टर स्वरूपाची पहिली शिफारस प्रसिद्ध केली. २००३ मध्ये सोडिपोडी या प्रकल्पातून फुटून इंकस्केप सुरू झाले आणि त्यातील ट्रेसिंगसाठी पोट्रेसचाच आधार घेण्यात आला.

ब्राउझरमधील साधनांचा इतिहास याहून लहान आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील संशोधनातून २००७ मध्ये सुरू झालेली व्हेक्टर मॅजिक ही सेवा त्यांतील सुरुवातीच्या सेवांपैकी होय. त्या काळात ब्राउझरकडे असे गणित वेगाने करण्याची क्षमता नव्हती; प्रतिमा सर्व्हरवर पाठवणे हाच व्यवहार्य मार्ग होता. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी वेबअसेंब्ली हे तंत्र स्वीकारले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे सी किंवा रस्ट भाषेत लिहिलेला प्रोग्राम जवळजवळ मूळ वेगाने ब्राउझरमध्येच चालवणे शक्य झाले. पोट्रेसच्या ब्राउझरसाठीच्या आवृत्त्या तयार झाल्या. २०२० मध्ये आलेला, रस्ट भाषेतील व्हीट्रेसर हा रंगीत प्रतिमा थेट हाताळणारा मुक्त स्रोत प्रोग्राम ब्राउझर आणि संगणक अशा दोन्ही ठिकाणी चालतो.

कार्यपद्धती

पोट्रेसचे काम समजले की इतर बहुतेक साधनांमधील पर्यायांचा अर्थ लागतो. पोट्रेसला फक्त काळा व पांढरा असे दोनच रंग समजतात. म्हणून प्रथम राखाडी किंवा रंगीत प्रतिमेला एक सीमारेषा ठरवून द्यावी लागते : त्याहून गडद पिक्सेल काळा, फिकट पिक्सेल पांढरा. या मर्यादेला थ्रेशोल्ड म्हणतात. ती आपोआप ठरवण्याची एक प्रसिद्ध पद्धत जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडली. रूपांतर बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण याच पायरीत असते. मर्यादा कमी ठेवली तर बारीक रेषा तुटतात. जास्त ठेवली तर अक्षरांच्या पोकळ्या भरून जातात.

यानंतर काळ्या भागांच्या कडांचे बंद मार्ग काढले जातात. प्रत्येक मार्गाला कमीत कमी बाजूंनी जुळणारी बहुभुजाकृती शोधली जाते आणि मग तिचे कोपरे तपासून कोणता कोपरा टोकदार ठेवायचा व कोणता वक्रात बदलायचा हे ठरते. या निर्णयावर नियंत्रण ठेवणाऱ्या घटकाचे मूल्य पोट्रेसमध्ये मुळात १ असते. ते ० केल्यास सर्व कोपरे टोकदार राहतात. ४/३ च्या पुढे नेल्यास एकही कोपरा उरत नाही. शेवटी शक्य तेथे लागोपाठचे वक्र एकत्र करून नोडची संख्या घटवली जाते. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान ठिपके गाळण्याचीही सोय असते. हे मूल्य पोट्रेसमध्ये मुळात फक्त २ पिक्सेल असते, परंतु वापरणारे ते सहज वाढवतात आणि त्याचे परिणाम देवनागरीत गंभीर होतात (पाहा : देवनागरी मजकूर).

प्रतिमा थ्रेशोल्डपूर्वी मोठी करून घेणे ही एक दुर्लक्षित पण उपयुक्त युक्ती आहे. लहान प्रतिमेतील अक्षरांच्या कडेला असलेले राखाडी पिक्सेल कड नेमकी कोठून जाते याची माहिती बाळगून असतात. थेट काळे-पांढरे केल्यास ती माहिती नष्ट होते; आधी दुप्पट किंवा चौपट मोठे केल्यास बरीचशी टिकते. पोट्रेससोबत मिळणारा मेकबिटमॅप हा प्रोग्राम याचसाठी आहे. जेपीईजी फाइलमध्ये आणखी एक अडचण असते. जेपीईजी संक्षेपण प्रतिमेचे ८×८ पिक्सेलांचे तुकडे पाडून चालते, त्यामुळे गडद अक्षरांभोवती पुसट डाग पडतात आणि ट्रेसिंगमध्ये तेही आकार म्हणून उमटतात. मूळ पीएनजी मिळत असल्यास समाजमाध्यमातून फिरून आलेल्या जेपीईजीपेक्षा तीच घेणे योग्य होय.

रंगीत प्रतिमेत आधी रंगांची संख्या घटवली जाते आणि प्रत्येक रंगाचा वेगळा थर ट्रेस होतो. हे थर दोन पद्धतींनी रचता येतात. एकावर एक रचल्यास खालचा थर वरच्याखालून पुढे जातो आणि रंगांमध्ये फट दिसत नाही. छपाईसाठी ही पद्धत सोयीची असते. दुसऱ्या पद्धतीत थर जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांप्रमाणे शेजारीशेजारी बसवले जातात. त्यात पांढऱ्या केसासारख्या फटी दिसू शकतात, परंतु रंगीत विनाइल वेगवेगळे कापायचे असल्यास हीच पद्धत घ्यावी लागते.

ब्राउझरमधील साधने

ब्राउझरमध्ये चालणारे प्रत्येक साधन प्रतिमा इतरत्र पाठवतेच असे नाही. काही साधने वेबअसेंब्ली किंवा जावास्क्रिप्टच्या साहाय्याने सर्व गणित वापरणाऱ्याच्याच संगणकावर करतात. व्हीट्रेसरचे वेब रूप आणि इमेजट्रेसर हे जावास्क्रिप्ट ग्रंथालय या प्रकारात येतात. इतर सेवा प्रतिमा स्वतःच्या सर्व्हरवर घेतात, तेथे प्रक्रिया करतात आणि तयार फाइल परत देतात. दोन्हींची पाने दिसायला सारखीच असतात आणि दोन्हींत प्रतिमा निवडण्याच्या बटणावर 'अपलोड' असाच शब्द असतो. फरक ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेट जोडणी बंद करणे आणि मग एखादी बिनमहत्त्वाची प्रतिमा रूपांतरित करून पाहणे. जोडणीविना रूपांतर झाले तर प्रक्रिया संगणकावरच होत आहे. ब्राउझरच्या विकासक साधनांतील नेटवर्क विभागातही बाहेर जाणारी फाइल दिसते.

हा भेद औपचारिक नाही. स्वाक्षरीची व्हेक्टर प्रत कोणत्याही आकारात, धूसर न होता छापता येते. कार्यालयीन शिक्क्याचेही तसेच. अद्याप जाहीर न झालेले बोधचिन्ह, ग्राहकाच्या उत्पादनाचा आराखडा किंवा रुग्णाच्या कागदपत्रावरील आकृती अनोळखी सर्व्हरवर गेल्यानंतर ती तेथे किती काळ राहील हे केवळ त्या सेवेच्या अटींवर अवलंबून असते. अशा प्रतिमांसाठी सर्व्हरवर चालणारी सेवा टाळावी. सार्वजनिक असलेल्या, शाळेच्या प्रकल्पातील किंवा जुन्या मुक्त चित्राच्या बाबतीत ही काळजी अनाठायी ठरते.

सर्व्हरवरील सेवांची जमेची बाजूही आहे. यंत्रशिक्षणावर आधारित काही सेवांना शक्तिशाली ग्राफिक्स प्रोसेसर लागतात, जे घरगुती संगणकात नसतात. अशा सेवा अस्पष्ट चित्रातूनही सफाईदार आकार काढतात. मात्र असे साधन अस्पष्ट भागाचा अंदाज बांधते आणि अंदाज चुकला तरी परिणाम नीटनेटकाच दिसतो. नकाशा किंवा तांत्रिक आकृतीसाठी हा धोका लहान नाही.

डेस्कटॉप सॉफ्टवेअर

इंकस्केप, इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉ ही या वर्गातील परिचित नावे. इंकस्केप विनामूल्य व मुक्त स्रोत आहे. त्यातील 'ट्रेस बिटमॅप' या खिडकीत एकाच थराचे, अनेक थरांचे आणि पिक्सेल आर्टसाठीचे ट्रेसिंग असे वेगवेगळे विभाग आहेत. महाराष्ट्रातील फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि रेडियम स्टिकरच्या दुकानांत कोरलड्रॉ अनेक वर्षांपासून रुळलेले आहे.

डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा खरा फायदा ट्रेसिंगच्या नंतर सुरू होतो. आपोआप झालेले रूपांतर क्वचितच अंतिम असते. वर्तुळासाठी चार नोड पुरेसे असतात, पण ट्रेसिंगमधून आलेल्या वर्तुळात त्याहून पुष्कळ अधिक नोड येतात आणि ते नेमके गोलही नसते. अशा वेळी त्या जागी नवे वर्तुळ काढणे हाच योग्य उपाय होय. सरळ रेषा सरळ करणे, समान अंतरे समान करणे, अनावश्यक नोड काढणे ही कामे संपादनाची साधने जवळ असल्याशिवाय होत नाहीत. ब्राउझरमधून मिळालेली एसव्हीजी फाइलही अखेर याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावी लागते.

मोठ्या प्रतिमांतही फरक जाणवतो. ए४ आकाराचा कागद ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यास ४९६०×७०१६ पिक्सेलांची, म्हणजे सुमारे ३.४८ कोटी पिक्सेलांची प्रतिमा मिळते. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर केवळ ती उघडण्यासाठी सुमारे १३९ मेगाबाइट मेमरी लागते; प्रक्रियेतील प्रती वेगळ्याच. ब्राउझरचा टॅब अशा कामात अडखळतो, मोबाइल फोनवर तर तो बंदही पडतो. शेकडो फाइली एकाच मूल्यांवर रूपांतरित करायच्या असल्यास आज्ञावलीवरून चालणारे पोट्रेस किंवा व्हीट्रेसर सर्वांत सोयीचे आहे : एकदा ठरवलेली मूल्ये सर्व फाइलींना सारखी लागू होतात आणि ती नोंदवून ठेवता येतात.

छपाईच्या कामात रंगपद्धतीचाही विचार करावा लागतो. एसव्हीजीतील नेहमीचे रंग पडद्यासाठीच्या एसआरजीबी पद्धतीचे असतात, तर छापखान्याला सीएमवायके किंवा स्पॉट रंग हवे असतात. इलस्ट्रेटर व कोरलड्रॉ यांत ते थेट नेमता येतात.

देवनागरी मजकूर

ट्रेसिंगच्या साधनांची मूळ मूल्ये आणि त्यांच्या मार्गदर्शिकांतील उदाहरणे बहुतेक रोमन अक्षरांवर बेतलेली असतात. देवनागरीत दोन गोष्टी वेगळ्या घडतात.

पहिली शिरोरेषेमुळे. रोमन लिपीत छापील शब्दातील प्रत्येक अक्षर सुटे असते, म्हणून त्याचा स्वतंत्र आकार मिळतो. देवनागरीत शिरोरेषा सर्व अक्षरांना जोडत असल्याने संपूर्ण शब्द हा एकच सलग आकार म्हणून बाहेर पडतो. त्यातील एक अक्षर हलवायचे, बदलायचे किंवा वेगळ्या रंगाचे करायचे असेल तर शिरोरेषा हाताने कापावी लागते.

दुसरी गोष्ट अनुस्वाराची. ट्रेसिंग करणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने अनुस्वार, नुक्ता आणि स्कॅनवरील धूळ यांत काही फरक नाही. तिन्ही लहान, सुटे, गडद ठिपके आहेत. कागदावरील डाग घालवण्यासाठी ठिपके गाळण्याची मर्यादा वाढवली की लहान अक्षरांतील अनुस्वारही जातात. 'वंश'चा 'वश' आणि 'मंद'चा 'मद' होतो. उरलेला शब्दही अर्थपूर्ण असल्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही. विसर्ग आणि पूर्णविरामही याच कारणाने गळतात. याउलट थ्रेशोल्ड जास्त असल्यास अनुस्वार शिरोरेषेला किंवा मात्रेला चिकटतो आणि 'ध' व 'भ' यांच्या लहान गाठी भरून जातात. म्हणून देवनागरी मजकुरासाठी ही मर्यादा कमीत कमी ठेवून धुळीचे ठिपके हाताने काढणे अधिक सुरक्षित असते. वेळ जास्त लागतो, पण मजकूर शाबूत राहतो. अनेक ब्राउझर साधनांत ही मर्यादा बदलण्याची सोय नसते. अशा साधनातून मजकूर गेल्यास मूळ प्रतिमेशी शब्दनिहाय ताडून पाहणे आवश्यक ठरते.

अक्षरे एखाद्या उपलब्ध फाँटमधील असल्यास ट्रेसिंग करूच नये. तोच फाँट वापरून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि मग त्याचे वक्रांत रूपांतर करावे. फाँटमधील अक्षरे मुळातच व्हेक्टर असतात. ट्रेसिंग म्हणजे ओसीआर नव्हे, ही बाबही लक्षात घ्यावी लागते. ट्रेस केलेला शब्द हा केवळ आकार असतो. तो शोधता, निवडता किंवा पडदावाचकाकडून वाचून घेता येत नाही. हस्तलिखित मोडी पत्रे किंवा सुलेखन यांच्याबाबत मात्र आकार जपणे हाच हेतू असल्याने ट्रेसिंग योग्य ठरते.

कटिंग आणि कोरीवकाम

विनाइल कापणारा प्लॉटर, लेझर किंवा सीएनसी यंत्र फाइलमधील प्रत्येक मार्गावरून प्रत्यक्ष पाते अथवा किरण फिरवते. पडद्यावर न दिसणारे दोष येथे साहित्य वाया घालवतात. जास्त नोडमुळे यंत्र अडखळत चालते, एकावर एक आलेल्या मार्गांमुळे तीच जागा दोनदा कापली जाते.

सर्वांत सामान्य गैरसमज रेषांविषयी आहे. पोट्रेससारखी साधने आकाराची बाह्यरेषा काढतात. पेनने काढलेली एक रेषा त्यांच्या लेखी लांब, अरुंद पट्टी असते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंनी मिळून दुहेरी रेषा मिळते. कोरीवकामासाठी एकेरी रेषा हवी असल्यास मध्यरेषा ट्रेसिंग लागते. ही सोय ऑटोट्रेस या मुक्त स्रोत प्रोग्राममध्ये आहे, इंकस्केपमध्ये ती २०२० मधील १.० आवृत्तीपासून मिळते. ब्राउझर साधनांत ती क्वचितच आढळते. जुन्या घराचे आराखडे, भूमापनाचे नकाशे किंवा रांगोळीची रेखाटने रूपांतरित करताना हाच फरक साधनाची निवड ठरवतो. यंत्रासाठी अनेकदा डीएक्सएफ स्वरूप लागते, तेही प्रत्येक ब्राउझर सेवा देत नाही.

नाममात्र एसव्हीजी फाइली

फाइलच्या नावापुढे एसव्हीजी असल्याने ती व्हेक्टर ठरत नाही. एसव्हीजी स्वरूपात रास्टर प्रतिमा जशीच्या तशी अंतर्भूत करता येते आणि 'रूपांतर' म्हणवणारी काही साधने एवढेच करतात. एसव्हीजी ही मजकूर फाइल असल्याने ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून तपासता येते. आत मार्ग दर्शवणारे 'पाथ' घटक असल्यास खरे रूपांतर झालेले आहे. 'इमेज' हा एकच घटक आणि त्यापुढे अक्षरांची न संपणारी रांग असल्यास फाइलमध्ये मूळ पीएनजी किंवा जेपीईजीच आहे; मोठी केल्यावर तिचे पिक्सेल पूर्वीसारखेच दिसतील. विकिमीडिया कॉमन्सवर अशा फाइलींना वेगळा सूचना साचा लावला जातो.

स्वामित्वहक्क

ट्रेसिंग केल्याने मूळ चित्रावरील हक्क बदलत नाहीत. भारताच्या स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार कलाकृतीची कोणत्याही भौतिक स्वरूपात पुनर्निर्मिती करण्याचा, तसेच ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याचा हक्क स्वामित्वहक्क धारकाकडे असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या चित्राची व्हेक्टर प्रत काढून वापरण्यासाठी, ती ब्राउझरमध्ये काढली असो वा डेस्कटॉपवर, मूळ चित्राइतकीच परवानगी लागते.